पीएमएफएमई योजना: चटणी, पापड, गुळाच्या धंद्याला ३५ टक्के सबसिडी, अर्ज कसा करायचा आणि कागद कुठं अडतात

कोल्हापुरात घरची चटणी, म्हणजे मसाल्याचं लाल तिखट, करून विकणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, ऑर्डरी पण असतात, पण स्वतःचं कांडप मशीन घ्यायचं म्हटलं की पैशावर येऊन अडतं. त्यासाठी केंद्राची पीएमएफएमई योजना आहे, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग उन्नयन योजना, २०२० ला सुरू झालेली. मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवली होती, त्यामुळं आत्ता अर्ज घेतायत का ते पहिलं जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा, मगच बाकीची धावपळ.

मिळतं काय, तर पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. बायकांना जास्त टक्के मिळतात असं सांगणारे भेटतील, तसं काही नाही, सगळ्यांना सारखंच. समजा ८ लाखाचं काम आहे, तर १० टक्के म्हणजे ८० हजार तुमचे, ७ लाख २० हजार बँकेचं कर्ज, आणि सबसिडी २ लाख ८० हजार. पण ही सबसिडी हातात येत नाही बरं का! ती बँकेतच वेगळ्या खात्यात पडून राहते, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, आणि बँकेकडून कर्जाचा शेवटचा टप्पा उचलल्यापासून ३ वर्षं कर्ज नीट फेडलं, युनिट चालू राहिलं तरच कर्जातून वजा होते. जागा विकत घ्यायचा खर्च यात धरत नाहीत.

वय १८ पूर्ण पाहिजे आणि एका कुटुंबात एकालाच लाभ, कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मुलं. नवऱ्यानं आधीच घेतला असेल तर विषय संपला. या योजनेत प्रत्येक जिल्ह्याचं एक उत्पादन ठरलेलं असतं, कोल्हापूरचं गूळ आहे, म्हणजे काकवी, गूळ पावडर वगैरे, पण चटणी-पापडवाल्यांनी मागं हटायचं कारण नाही, दुसऱ्या अन्न प्रक्रियेलाही अर्ज चालतो.

आता कागद. आधार, पॅन, बँक स्टेटमेंट, मशीनचं कोटेशन, जागेचा पुरावा, लाईट बिल, प्रकल्प अहवाल, आणि धंदा आधीपासून चालू असला तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्न सुरक्षा खात्याचं) रजिस्ट्रेशन. यादी सोपी दिसते, गोम पुढं आहे. घर सासऱ्यांच्या नावावर, लाईट बिल दिरांच्या नावावर, आणि चटणीचे पैसे येतात मुलाच्या फोनपेवर! बाई रोज दहा-दहा किलो मिरची भाजते पण कागदावर ती कुठंच नाही, मग बँकेत पहिला प्रश्न येतो "मिस्टर काय करतात?" म्हणून अर्जाच्या निदान सहा महिने आधीपासून स्वतःच्या खात्याचा क्यूआर लावा, मिरची-मसाल्याची पक्की बिलं स्वतःच्या नावानं घ्या, आणि जागेसाठी संमतीपत्र नाहीतर भाडेकरार करून ठेवा. सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा रेकॉर्ड, तो पण बघून घ्या, बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जाचा थकलेला हप्ता तिथं बरोबर दिसतो. उद्यम नोंदणी फुकट आहे, सायबर कॅफेवाल्याला हजार-दोन हजार देऊ नका.

अर्ज योजनेच्या पोर्टलवर ऑनलाईन भरायचा. तो भरायला, प्रकल्प अहवाल करायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, नाव-नंबर कृषी कार्यालयात मिळतो, त्यांचं मानधन सरकार देतं, तुम्ही काही द्यायचं नाही. तिथून अर्ज जिल्हा समितीकडं आणि मग बँकेत जातो, आणि खरा वेळ बँकेतच लागतो. लघुउद्योगाच्या निदान १० लाखापर्यंतच्या कर्जाला तारण घ्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कुणी घराचे कागद मागितले तर हे शांतपणे विचारायचं आणि नकार दिला तर कारण लेखी मागायचं.

बचत गटातल्या बायकांना वेगळी सोय आहे, अन्न प्रक्रियेचं काम करणाऱ्या सदस्याला ४० हजारापर्यंत बीज भांडवल, खेळतं भांडवल नाहीतर छोटी अवजारं घ्यायला. ते उमेद, म्हणजे राज्याच्या बचत गटांच्या अभियानामार्फत येतं आणि गटाला परत फेडायचं असतं, फुकटचं समजून लग्नकार्यात घालवू नका.

आणि एक, चटणीचा सीझन फेब्रुवारी ते मे, हप्ता मात्र बारा महिने. दिवाळीच्या आधीच अर्ज टाकला तर मशीन सीझनला हातात यायची आशा असते, आणि मंजुरीच्या वेळीच पहिला हप्ता कधीपासून सुरू होणार ते ठरवून घ्या, नाहीतर मशीन पावसाळ्यात येतंय आणि हप्ते लगेच सुरू.