इंटरनेट मंद चालतं? नवा मोडेम घेण्याआधी टेलिफोनची वायर तपासा

हा सल्ला डायल-अपच्या दिवसांतला आहे, जेव्हा मोडेम नावाचं यंत्र टेलिफोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडायचं. गिरगाव, दादर, लालबाग इथल्या चाळींतून आणि जुन्या बिल्डिंगींतून आमच्या दुकानात येणारी तक्रार बहुधा एकच असायची: "मोडेम ५६ केचा आहे, पण कनेक्ट होतो २८,८०० वर, आणि दहा मिनिटांत लाइन तुटते." पुष्कळ जण लगेच नवा मोडेम मागतात. कृपया घाई करू नका. आमच्या अनुभवात दोष बहुतेक वेळा वायरीत निघतो, आणि वायर मोडेमपेक्षा फार स्वस्त पडते.

५६ के म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट; हा पूर्ण वेग कुणालाच मिळत नाही. ४४ ते ५० हजारांवर कनेक्ट झालात तर तुमची लाइन उत्तम आहे. ४४ हजारांवर एक एमबीची फाइल उतरायला सुमारे तीन मिनिटं लागतात, २८,८०० वर जवळजवळ पाच; आणि तेवढा वेळ फोनचं बिलही वाढत असे. स्क्रीनवर १,१५,२०० दिसलं तर तो कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधला वेग असतो, लाइनचा नव्हे.

घरच्या घरी तपासणी

रात्री शांत वेळी रिसीव्हर उचला आणि एकच आकडा दाबा. डायलटोन बंद होईल. आता कान देऊन ऐका. काहीच ऐकू आलं नाही तर लाइन स्वच्छ आहे. खरखर आली तर कुठेतरी सैल जोड किंवा ओल आहे. एकसारखी घूं येत असेल तर टेलिफोनची वायर बहुधा विजेच्या वायरीला लागून गेली आहे. पावसाळ्यात हीच तपासणी पुन्हा करा, फरक कळेल.

जुन्या घरात ही वायर एका दमात टाकलेली नसते. जिन्यातल्या डीपी बॉक्सपासून (सगळ्या घरांच्या टेलिफोनच्या तारा जिथून वाटल्या जातात तो डबा) ती घरात येते, मग टेबल हलवलं म्हणून एक जोड, स्वयंपाकघरात दुसरा फोन हवा म्हणून आणखी एक. जोड हातानेच पिळलेले, वर टेप, त्यावर वर्षानुवर्षांचा रंग. आत तांबं हिरवं पडतं. बोलण्यापुरतं हे चालून जातं, कारण थोड्या खरखरीतूनही माणसाला शब्द कळतात. मोडेमला ते जमत नाही. तो वेग उतरवतो, मध्येच थांबून लाइन पुन्हा जुळवू पाहतो, आणि नाहीच जमलं तर कनेक्शन सोडून देतो.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे लाइन घरात येते तिथपासून मोडेमपर्यंत पीळ असलेल्या तांब्याच्या जोडीची एकच अखंड वायर. पीळ असला की बाहेरचा विजेचा त्रास दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि बराचसा आपोआप कटतो. चपट्या वायरीत हे होत नाही. ही वायर विजेच्या पट्टीपासून आणि ट्यूबलाइटच्या चोकपासून फूटभर तरी दूर न्या. विजेची वायर ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

पॅरलल फोन, म्हणजे त्याच लाइनवर जोडलेले जादा फोन, एकेक करून काढून पाहा. फोन काढला तरी त्याची वायर तशीच लोंबकळत ठेवू नका, रोझेटमधूनच (भिंतीवरच्या टेलिफोनच्या डबीतूनच) सोडवा. कॉल वेटिंग (बोलणं चालू असताना दुसरा फोन आल्याची सूचना देणारी सोय) घेतलं असेल तर त्याच्या टोननेही कनेक्शन तुटू शकतं. नेटसाठी ती सोय बंद ठेवलेली बरी.

ऑफिसातली किंवा सोसायटीची लाइन इंटरकॉमच्या बोर्डातून येत असेल, तर मोडेम कितीही चांगला घ्या, वेग बहुधा ३३,६०० च्या वर जाणार नाही. ५६ केला एक्स्चेंजपासून सरळ लाइन लागते. मध्ये बोर्डाने सिग्नल पुन्हा बदलला की तो वेग गेला. मोडेमसाठी डायरेक्ट लाइन मागा.

घरातली सगळी वायर सोडवून, लाइन जिथे आत येते तिथेच फोन लावला आणि तरीही खरखर राहिली, तर दोष बाहेर आहे. डीपी बॉक्स स्वतः उघडू नका, त्यात शेजाऱ्यांच्याही जोड्या असतात. तक्रार देताना "नेट मंद आहे" यापेक्षा "फोनवर खरखर येते" असं सांगा. ते खरंच असतं, आणि लाइनमनला काय शोधायचं ते लगेच समजतं.

एक्स्चेंज फार लांब असेल तर वायर बदलूनही वेग फारसा वाढणार नाही, आणि ते आम्ही स्पष्ट सांगू. अशा लाइनवर मोडेमची मर्यादा ३३,६०० ला बांधून देतो. ४६ हजारांवर जोडून दर पाच मिनिटांनी तुटणाऱ्या कनेक्शनपेक्षा हे टिकणारं कनेक्शन आमच्या मते कधीही चांगलं.

आमचा माणूस येताना दुकानातला एक मोडेम सोबत आणतो आणि तो तुमच्याच लाइनवर लावून दाखवतो. दोन्ही मोडेमचा वेग सारखाच आला, तर नवा आम्ही विकणार नाही. जिन्यातून वायर न्यायची असेल तर सेक्रेटरींची परवानगी आधी घेऊन ठेवा, आणि मोडेमसोबत आलेली सीडी शोधून ठेवा.