लॅटिन म्हणी

प्राचीन रोममध्ये आणि पुढे मध्ययुगीन व प्रबोधनकालीन युरोपात रुळलेली छोटी, अनुभवाची वचने. यांतली थोडीच थेट लोकांच्या बोलण्यातून आली. पुष्कळशी नाटकातला संवाद, कवितेची ओळ किंवा पत्रातले वाक्य मूळ जागेवरून निखळून म्हण झाली, आणि निखळताना अनेकींचा अर्थही बदलला.

लॅटिन विभक्तिप्रधान भाषा असल्याने दोनतीन शब्दांत वाक्य पुरे होते. ‘मानुस मानुम लावात’ म्हणजे एक हात दुसऱ्याला धुतो. पहिला ‘हात’ कर्ता, दुसरा कर्म. हा नाद भाषांतरात टिकत नाही. इ.स. पहिल्या शतकात सेनेका आणि पेट्रोनियस या दोघा रोमन लेखकांनीही ही म्हण वापरली आहे. सेनेकाकडे ती देवांच्या सभेत मते गोळा करणाऱ्याच्या तोंडी येते: आज माझे काम करा, उद्या मी तुमचे करीन.

या परंपरेतले सर्वांत विलक्षण नाव पुब्लिलिउस सिरुसचे. गुलाम म्हणून रोमला आलेला हा माणूस मुक्त झाला, हलकीफुलकी नाटके लिहू लागला आणि इ.स.पू. ४६ मध्ये ज्युलियस सीझरसमोर झालेली स्पर्धा त्याने जिंकली. नाटके लुप्त झाली, सुटी वाक्ये उरली आणि रोमन मुलांच्या अभ्यासात गेली. ‘गरजूला जो चटकन देतो, तो दोनदा देतो’ हे त्यांपैकीच एक. एकेकाळच्या गुलामाची वाक्ये मालकांच्या मुलांनी पाठ करावीत, याहून मोठा मान कोणता!

‘निरोगी शरीरात निरोगी मन’ हे आज व्यायामाचे घोषवाक्य समजले जाते. रोमन कवी युवेनालच्या मूळ कवितेत ते प्रार्थनेचा भाग आहे: देवाकडे मागायचेच असेल, तर एवढेच मागा. ‘वोक्स पोपुली, वोक्स देई’, म्हणजे लोकांचा आवाज तो देवाचा आवाज, या वचनाचे तर पारडेच फिरले. आपल्या ‘पाचामुखी परमेश्वर’शी ते तंतोतंत जुळते, पण इ.स. ७९८ च्या सुमारास विद्वान अल्कुइनने फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याला लिहिलेल्या पत्रात, असे म्हणणाऱ्यांचे ऐकू नका, असा इशारा आहे.

या वचनांचा मोठा संग्राहक म्हणजे डच विद्वान इरॅस्मस. १५०० साली पॅरिसला निघालेल्या त्याच्या पहिल्या संग्रहात आठशेंहून थोडी अधिक वचने होती. १५३६ पर्यंत ती ४,१५१ झाली, त्यांत ग्रीकमधून आणलेलीही पुष्कळ. ‘फेस्तिना लेन्ते’, म्हणजे सावकाश घाई कर, यावर त्याने दीर्घ निबंध लिहिला. सम्राट ऑगस्टस हे वचन ग्रीकमध्ये म्हणत असे. व्हेनिसचा मुद्रक आल्दुस मानुतिउस याचे बोधचिन्ह हाच अर्थ सांगते: वेगवान डॉल्फिन आणि त्याने वेढलेला जहाजाचा नांगर.

भारतात लॅटिन वचने मुख्यतः न्यायालयांत ऐकू येतात. ‘आउदी आल्तेराम पार्तेम’, म्हणजे दुसरी बाजू ऐका, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व मानले जाते. मनेका गांधी यांचा पासपोर्ट म्हणणे न ऐकताच जप्त झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या निकालात याच तत्त्वाचा आधार घेतला.