रिमोट-वर्क व्हिसा आणि वर्क परमिट : परदेशातील स्थितीबदल

परक्या देशात राहून बाहेरच्या कंपनीचे काम करण्यासाठी मिळालेला व्हिसा सोडायचा आणि राहत्या देशातल्याच मालकाकडे नोकरी करण्याचा परवाना घ्यायचा, किंवा याच्या उलट जायचे, याला येथे स्थितीबदल म्हटले आहे. बोलताना लोक ‘व्हिसा कन्व्हर्ट करून घेतला’ असे म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण फसवा आहे. बहुतेक देशांत कन्व्हर्ट असे काही होत नाही. जुनी परवानगी संपते आणि नवी पहिल्यापासून मागावी लागते. या दोन परवानग्यांच्या मधल्या दिवसांत माणूस त्या देशात कोणत्या नात्याने राहतो आहे आणि त्या नात्याने त्याला काय करण्याची मुभा आहे, हा या विषयातला खरा प्रश्न.

दोन्ही परवानग्यांवर माणूस करतो ते काम एकसारखेच दिसते. तोच लॅपटॉप, त्याच मीटिंगा. कायद्याच्या नजरेत मात्र दोन्हींचा पाया परस्परविरुद्ध आहे. रिमोट-वर्क व्हिसा, म्हणजेच डिजिटल नोमॅड व्हिसा, ‘पैसा बाहेरून येतो’ या अटीवर उभा असतो. पाहुणा इथल्या कोणाची नोकरी घेत नाही, उलट बाहेर कमावलेले इथे खर्च करतो, असा यजमान देशाचा हिशेब. म्हणून तपासले जाते ते अर्जदाराचे उत्पन्न, आरोग्यविमा आणि बाहेरच्या कंपनीशी असलेला करार. वर्क परमिटमध्ये पगार देशातूनच मिळणार असतो. त्यामुळे ही जागा परदेशी माणसालाच का द्यायची, याचे उत्तर मालकाला द्यावे लागते. थायलंडमध्ये एका परदेशी कर्मचाऱ्यामागे सर्वसाधारणपणे चार थाई कर्मचारी आणि २० लाख बाट भरणा भांडवल कंपनीकडे असावे लागते. अर्जदार कितीही हुशार असला तरी कंपनी या मापात बसली नाही की विषय संपला. पहिल्या प्रकारात माणूस स्वतःच्या जिवावर राहतो, दुसऱ्यात मालकाच्या. स्वतःच्या उत्पन्नाचा भक्कम पुरावा असलेले लोक वर्क परमिटच्या टप्प्यावर चकित होतात ते यामुळेच.

हे व्हिसे फार जुने नाहीत. २०२० पूर्वी लोक टुरिस्ट व्हिसावर जाऊन गुपचूप काम करत आणि कोणी फारसे विचारत नसे. साथीत पर्यटन आटले तेव्हा बार्बाडोसने जुलै २०२० मध्ये ‘वेलकम स्टॅम्प’ काढला : बारा महिने मुक्काम, अट वर्षाला ५० हजार डॉलर उत्पन्नाची. पुढच्याच महिन्यात एस्टोनियाने नोमॅड व्हिसा सुरू केला. (एस्टोनियाची २०१४ पासूनची ई-रेसिडेन्सी ही वेगळी चीज आहे. तिने कंपनी काढता येते, देशात राहता येत नाही. गल्लत अजूनही होते.) क्रोएशिया २०२१ मध्ये आला, मलेशियाचा ‘डीई रांताऊ’ पास २०२२ मध्ये, स्पेनचा कायदा त्याच वर्षीच्या डिसेंबरात, जपान आणि थायलंड २०२४ मध्ये. या योजना आखताना पाहुणा वर्षभर राहून परत जाईल असेच बहुतेकांनी धरले होते. पण वर्षभर एका शहरात राहिलेल्या माणसाच्या ओळखी होतात, भाषा थोडी येऊ लागते आणि एक दिवस कोणीतरी विचारते, ‘आमच्याकडेच का येत नाहीस?’ तिथून पुढचे फारसे कोणी आखलेले नव्हते, आणि त्यामुळेच नियम देशागणिक इतके विस्कळीत आहेत.

स्पेनमधली वाट त्यातल्या त्यात सरळ आहे. दूतावासातून आलेला टेलिवर्क व्हिसा (नोमॅड व्हिसाचे तिथले नाव) एक वर्षाचा असतो. स्पेनमध्येच अर्ज केला तर निवास परवाना थेट तीन वर्षांपर्यंतचा मिळू शकतो. उत्पन्नाची अट तिथल्या किमान वेतनाच्या दुपटीची. मोठ्या कंपन्यांची प्रकरणे हाताळणारा जो विशेष कक्ष हे अर्ज पाहतो, तोच उच्च-कुशल नोकरदारांचे परवानेही देतो, आणि कायदेशीर मुक्कामात असलेल्याला देशाबाहेर न जाता तिथे अर्ज करता येतो. शिवाय या कायद्यात एक छोटी खिडकी आहे : स्वतंत्र व्यावसायिकाला एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंत काम स्पॅनिश कंपन्यांसाठी करता येते. समजा, एखादी डिझायनर महिन्याला ४,००० युरो कमावते. त्यातले ८०० युरोपर्यंतचे काम ती माद्रिदच्या स्टुडिओचे घेऊ शकते. पण बाहेरचा एखादा ग्राहक सुटला आणि एकूण कमाई ३,००० वर आली, तर तेच ८०० युरो २६ टक्क्यांहून जास्त होतात. स्टुडिओचे काम एका पैशानेही वाढलेले नसताना मर्यादा मोडते! बाहेरच्या कंपनीत पगारी नोकरीवर असलेल्याला ही २० टक्क्यांची सवलतही नाही. तरीही नव्या मालकाशी आधी थोडे काम करून पाहण्याची एवढी जागा इतर देशांत क्वचितच मिळते.

जपान दुसऱ्या टोकाला. मार्च २०२४ अखेर सुरू झालेला तिथला नोमॅड दर्जा सहा महिन्यांचा, मुदतवाढ नाही, वार्षिक उत्पन्न एक कोटी येन हवे. या दर्जावर निवासकार्डच दिले जात नाही, म्हणजे कागदोपत्री माणूस रहिवासी होतच नाही. तोक्योतल्या कंपनीने ऑफर दिली तरी ठरलेली वाट लांबचीच आहे : कंपनी इमिग्रेशनकडून पात्रतेचे प्रमाणपत्र काढते, ते घेऊन अर्जदार बाहेरच्या जपानी दूतावासात कामाचा व्हिसा मागतो आणि मग नव्याने आत येतो. त्याने आधी काढलेल्या सहा महिन्यांचा या अर्जाला काडीचा उपयोग नाही. मुलाखतीला समोरासमोर बसता आले, एवढाच काय तो फायदा. दक्षिण कोरियाच्या ‘वर्केशन’ व्हिसावरही स्थानिक नोकरीला साफ मनाई आहे.

थायलंडचा डीटीव्ही, म्हणजे ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’, हा पाच वर्षांचा, प्रत्येक प्रवेशाला १८० दिवस देणारा व्हिसा आहे. स्थानिक नोकरीसाठी मात्र ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा आणि त्यावर वेगळे वर्क परमिट लागते. देशातच राहून व्हिसाचा प्रकार बदलला की डीटीव्ही संपतो. नवी नोकरी सहा महिन्यांत सुटली तर हाती दोन्ही नाहीत, आणि पाच लाख बाट शिल्लक दाखवण्यापासून सगळे पुन्हा. वर्षाच्या करारासाठी पाच वर्षांचा व्हिसा सोडायचा का, हा प्रश्न इथे ऑफरच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

काही देशांत नोमॅड व्हिसा नाहीच, पण अभ्यागताला बाहेरचे काम करू देतात. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून अभ्यागताला मायदेशातले काम लॅपटॉपवर करण्याची मुभा दिली, मात्र येण्याचा मुख्य हेतू तो नसावा. तिथे अभ्यागताला आतूनच ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसावर जाता येत नाही. बाहेर पडूनच अर्ज करावा लागतो. कॅनडात साथीच्या काळात, ऑगस्ट २०२० पासून, अभ्यागताला देशात राहूनच वर्क परमिट मागण्याची तात्पुरती सवलत होती. ती फेब्रुवारी २०२५ पर्यंत चालायची होती. सरकारने २८ ऑगस्ट २०२४ लाच बंद केली. तात्पुरत्या रहिवाशांची संख्या कमी करणे हे एक कारण. काही लोक अभ्यागतांना परवान्याविना कामाला लावत होते हे दुसरे. ज्यांनी या सवलतीच्या भरवशावर घर भाड्याने घेतले होते त्यांना त्या दिवशी काय वाटले असेल ते सांगायला नको. धोरणाने दिलेली सवलत धोरणानेच जाते. कायद्यातला हक्क आणि अशी सवलत यांत फरक करायला शिकणे इथे फार मोलाचे आहे.

तैवानने हा गुंता वेगळ्याच बाजूने सोडवला. २०१८ पासूनच्या तिथल्या गोल्ड कार्डात व्हिसा, निवास, पुनर्प्रवेश आणि खुला कार्यपरवाना एकत्र आहेत. कार्डधारक बाहेरचे काम करो की स्थानिक कंपनीचे, मालक बदलो की दोन्ही एकदम करो, बदलायचे काहीच उरत नाही. अर्थात कार्ड मिळवतानाची चाळणी बारीक आहे.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो तारखांचा. ऑफर लेटरवर रुजू होण्याची तारीख १, परवाना मंजूर होतो १९ तारखेला. मधले अठरा दिवस नव्या मालकासाठी एक ईमेलही पाठवणे म्हणजे विनापरवाना काम. ‘फक्त ट्रेनिंग आहे’, ‘पगार पुढच्या महिन्यापासून आहे’ ही उत्तरे चालत नाहीत, कारण बहुतेक कायदे कामाकडे पाहतात, पगाराच्या तारखेकडे नाही. तेच दुसऱ्या बाजूने : जुन्या कंपनीची नोटीस आधीच देऊन टाकली तर रिमोट व्हिसाचा आधारच गेला, आणि नवा परवाना अजून हाती नाही. म्हणून जाणते लोक रुजू तारखेच्या जागी ‘परवाना मिळाल्यापासून अमुक दिवसांत’ असे लिहून घेतात आणि जुनी नोकरी तोवर सोडत नाहीत. कंपन्या कुरकुरतात, पण देतात.

दुसरा घोटाळा पगार कोणाच्या नावाने येतो याचा. बाहेरची कंपनी कधीकधी ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’ म्हणजे स्थानिक मध्यस्थ कंपनी नेमून तिच्यामार्फत पगार देते. कर्मचाऱ्याला वाटते साहेब तेच, टीम तीच, मग आपण रिमोटच. पण सॅलरी स्लिपवर स्थानिक कंपनीचे नाव आले की नोकरी स्थानिक झाली. अशा वेळी काहीच न बदलता माणूस रिमोट व्हिसाच्या अटीबाहेर पडलेला असतो.

कराचे गणितही त्याच दिवशी पालटते. क्रोएशिया नोमॅडच्या बाहेरच्या कामाच्या उत्पन्नावर आयकर घेत नाही. तिथल्याच कंपनीत रुजू झाल्यावर पगारावर कर आणि सामाजिक विम्याचे हप्ते सुरू होतात. आकड्यात मोठी वाटलेली ऑफर हातात कमी पडते ती इथे.

राहिलेली वर्षे पुढे मोजली जातात का, हेही पाहावे. स्पेनमध्ये टेलिवर्क परवान्यावरची वर्षे दीर्घकालीन निवासासाठी लागणाऱ्या पाच वर्षांत धरली जातात. कोस्टा रिकात नोमॅडला कायद्यानेच ‘अनिवासी’ गटात टाकले आहे. तिथे दोन वर्षे काढून नोकरी धरली तरी निवासाची मोजणी शून्यापासून.

उलटा प्रवास, म्हणजे वर्क परमिटवरून रिमोट व्हिसाकडे, सहसा नोकरी गेल्यावर सुरू होतो, आणि म्हणून घाईत. सिंगापुरात एम्प्लॉयमेंट पास रद्द झाल्यावर ३० दिवसांपर्यंत थांबता येते, अमेरिकेत एच-१बी या कुशल नोकरदारांच्या व्हिसाच्या धारकाला ६० दिवस. युरोपीय संघाच्या ब्लू कार्डाला, म्हणजे उच्च-कुशल परदेशी नोकरदारांच्या परवान्याला, पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांची बेरोजगारी चालते, नंतर सहा. आता स्पेनची टेलिवर्कसाठीची अट शेजारी ठेवून पाहा : बाहेरच्या कंपनीशी कामाचे नाते किमान तीन महिने जुने हवे आणि ती कंपनी किमान वर्षभर चालू असायला हवी. काल नोकरी गेली आणि आज बाहेरचा ग्राहक मिळाला, तरी नाते पुरेसे जुने होईतो ब्लू कार्डाची तीन महिन्यांची मुदत संपत आलेली असते. मधल्या काळात त्या ग्राहकासाठी केलेले काम कोणत्या परवान्यावर केले, हा प्रश्न वेगळाच. जुनीच स्थानिक कंपनी ‘आता कंत्राटावर काम कर’ म्हणाली तर तोही मार्ग बंद, कारण तो पैसा बाहेरून येत नाही.

युरोपीय संघात यापुढचा फरक २०२४ च्या एकत्रित परवाना निर्देशाने पडायचा आहे. सदस्य देशांना तो २१ मे २०२६ पर्यंत आपल्या कायद्यात आणायचा होता. वैध निवास परवाना हाती असलेल्याला देशात राहूनच काम व निवासाच्या एकत्रित परवान्यासाठी अर्ज करता यावा आणि एकदा तो मिळाल्यावर मालक बदलता यावा, अशी त्यात तरतूद आहे. स्वतंत्र व्यवसाय करणारे तिच्या कक्षेबाहेर आहेत. नोमॅडसाठी इथे हातातल्या कागदाचे नाव निर्णायक ठरते : क्रोएशिया देतो तो तात्पुरता निवास, तर एस्टोनिया देतो तो केवळ व्हिसा.