नाळेतलं रक्त आणि पाच दिवसांचं भ्रूण

थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांसाठी आमची सोलापुरातली एक छोटी संस्था वर्गणी गोळा करते. बाळीवेशीतल्या आत्याने पाचशेची नोट काढली, पत्रकावर ‘स्टेम सेल’ वाचलं आणि नोट परत बटव्यात ठेवली. “पोटातल्या लेकराचं काढून करतेत म्हणे ते. असल्याला मी पैसा देत नाही बघ.”

स्टेम सेल म्हणजे इतर पेशी तयार करणाऱ्या मूळपेशी. दोन वेगळ्या गोष्टींना हे एकच नाव पडलंय, घोळ तिथला.

आमच्या पत्रकातल्या पेशी अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, नाहीतर नाळेतल्या. बाळ जन्मलं, रडलं, नाळ कापली. मग नाळेत आणि वारेत उरलेलं रक्त सुईने पिशवीत घ्यायचं. एरवी ते वाया जातं. या पेशी रक्त तयार करतात, म्हणून रक्ताच्या आजारांत उपयोगी. १९८८ मध्ये पॅरिसला पाच वर्षांच्या एका मुलाला धाकट्या बहिणीच्या नाळेचं रक्त दिलं, ते असं जगातलं पहिलं प्रत्यारोपण.

भ्रूणपेशी येतात ते भ्रूण पोटातलं नसतंच. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात जादा उरलेलं, पाच-सहा दिवसांचं, खसखशीच्या दाण्याहून लहान. हृदय नाही, हातपाय नाहीत. पण आतल्या पेशी काढल्या की ते संपतं. १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञांनी अशा पेशी पहिल्यांदा वाढवल्या. त्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकते, म्हणून मधुमेह, पार्किन्सनवाल्या संशोधकांना त्या हव्या असतात. (२००६ मध्ये जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी उंदराच्या साध्या पेशींनाच तसं बनवलं; तरी भ्रूणपेशींची गरज सरलेली नाही.) आपल्याकडे जोडप्याची संमती लागते आणि प्रयोगशाळेत भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवता येत नाही.

‘नाहीतरी टाकूनच देणार होते’ हे उत्तर नाळेला पुरतं. भ्रूणाला ते मला अपुरं वाटतं. जोडप्याने समजून-उमजून दिलं असेल तर मी स्वतः अशा संशोधनाला पैसे देईन. आत्याने द्यावेत असं मात्र म्हणणार नाही. संस्थेने पैसा कुठे जातो ते आधी सांगावं, बस्स. २०१४ मध्ये डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी देणग्या गोळा झाल्या, तेव्हा अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या कॅथलिक धर्मप्रांताने आपल्या शाळांना भ्रूणपेशींच्या याच कारणाने एएलएस असोसिएशन या संस्थेला पैसे पाठवू नका म्हणून कळवलं. माझा पैसा भ्रूणसंशोधनाला नको, असं देणगीदार सांगू शकतो, हे एएलएस असोसिएशनने स्पष्ट केलं.

आत्याने सगळं ऐकून विचारलं, “मग वार पुरायला देतेत का नाही?”

“रक्त तेवढं घेतात, आत्या. वारेचं तुम्ही दवाखान्यात सांगायचं.”

नोट बाहेर आली. पावतीवर ‘भ्रूणासाठी नाही’ एवढं मात्र तिने माझ्याकडून लिहून घेतलं.