सहा लेनचा रस्ता, रांग एकाच लेनमध्ये

सहा लेनचा एकेरी रस्ता. पाच लेन मोकळ्या आणि उरलेल्या एकीत गाड्यांची न संपणारी रांग. फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर कंपनीने २०१५ साली आणलेल्या ‘सिटीज: स्कायलाइन्स’ या शहर वसवण्याच्या गेममध्ये हे दृश्य हमखास दिसतं. खेळाडू त्याला बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, म्हणतात, तो दुरुस्त का होत नाही म्हणून वैतागतात. मला विचाराल तर हा बग कमी आणि काटकसर जास्त.

या गेममध्ये गाडी निघते तेव्हाच तिचा मार्ग ठरतो, अगदी कोणत्या लेनमधून जायचं इथपर्यंत. रस्त्यांच्या जाळ्यातून कमीत कमी खर्चाची वाट शोधायची पद्धत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली. गेममधली मार्गशोधणी त्याच कुळातली. एका गाडीसाठी हे गणित किरकोळ असतं. पण इथे एका वेळी १६,३८४ गाड्या आणि ६५,५३६ माणसं रस्त्यावर असू शकतात. (आकडे विचित्र वाटतात, पण ते २ चे चौदावा आणि सोळावा घात आहेत.) या सगळ्यांचे मार्ग क्षणोक्षणी नव्याने काढायचे म्हटलं तर घरचा कॉम्प्युटर मान टाकेल. म्हणून एकदा ठरलं की ठरलं. पुढच्या चौकात सगळ्यांनाच हायवेकडे वळायचं असेल, तर सगळे आधीपासूनच त्या वळणाची लेन धरतात. शेजारची लेन रिकामी आहे, हे बघायला कुणी मान वळवत नाही.

गाड्यांची मर्यादा गाठली की नवी गाडी निघतच नाही, कचरा उचलणारीसुद्धा. मग कचरा साचतो आणि खेळाडू बिचारा आणखी कचरा डेपो बांधत बसतो!

फार वेळ अडकलेली गाडी गेम चक्क गायब करतो. ही फसवणूक वाटते खरी. पण खेळाडूंनीच बनवलेल्या ‘ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन’ या मॉडमध्ये (मॉड म्हणजे मूळ गेममध्ये फेरफार करणारी जोडणी) गायब होणं बंद करता येतं, आणि तसं केलं की एका चौकातली कोंडी मागच्या चौकात, तिथून त्याच्या मागच्या चौकात पसरत जाते. अख्खं शहर थिजतं. पादचाऱ्यांची तऱ्हा याहून मजेशीर. पार्किंग मिळालं नाही की माणसाची गाडी अदृश्य होते आणि परतताना खिशातून काढावी तशी पुन्हा हजर होते. पार्किंगचा खरा हिशेब ठेवायचा तर प्रत्येक गाडी कुठे उभी आहे हे लक्षात ठेवावं लागेल, आणि तिच्यापर्यंत चालत जायची वाटही शोधावी लागेल.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसरा भाग आला. त्यात वाट निवडताना वेळ, पैसा, आराम आणि स्वभाव असे चार घटक मोजले जातात, पार्किंगचाही विचार होतो. गाड्यांवरची ती ठरावीक मर्यादाही गेली. त्याची किंमत अशी की लोकसंख्या वाढली की शहराचं घड्याळच मंद चालू लागतं. आणि आता तक्रार आहे ती ऐन वळणावर दोन-तीन लेन कापत आडव्या घुसणाऱ्या गाड्यांची.