रोज चोवीस मिनिटं आधी

29 मे, रात्री 10.33. 8 जून, संध्याकाळी 6.41. 10 जून, 5.52. 11 जून, 5.30. 22 जून, दुपारी 1.12. आणि अखेर 25 जून, दुपारी 12.01.

2025 साली भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला ज्या ‘ॲक्सियम-4’ मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तिच्या उड्डाणाच्या या भारतीय वेळा. शेवटची सोडली तर बाकी सगळ्या हुकल्या. कधी हवामान आडवं आलं. 11 जूनच्या आधी रॉकेटमध्ये द्रव प्राणवायूची गळती सापडली. ती निस्तरते न निस्तरते तोच स्थानकाच्या ‘झ्वेझ्दा’ या रशियन भागातली जुनी गळती पुन्हा तपासायची ठरली. गोव्यात तेव्हा मासेमारी बंद, आभाळ भरलेलं, आणि बातम्यांत एकच ओळ: उड्डाण पुन्हा लांबणीवर.

पण तारीख पुढे जात होती तसं घड्याळ मागे येत होतं. कालनिर्णयच्या कोपऱ्यात या वेळा एकाखाली एक लिहून वजाबाकी केली, तर दर दिवसामागे साधारण 24 मिनिटं निघतात. मला विचाराल तर अख्ख्या मोहिमेतला सगळ्यात रंजक भाग हाच, आणि तो उड्डाणाच्या आधीच घडून गेला.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला सरकत्या वेळा नवीन नाहीत. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, कारण दिवसभरात चंद्र पुढे गेलेला असतो. स्थानकाचं गणित उलट्या दिशेचं. ते सुमारे 400 किलोमीटर उंचीवरून, विषुववृत्ताशी 51.6 अंश कललेल्या कक्षेत फिरतं. पृथ्वी खाली फिरत असताना फ्लोरिडातला केनेडी अवकाश केंद्राचा तळ या कक्षेच्या बरोबर खाली येतो, तेव्हाच रॉकेट सोडायचं. खरं तर असा योग दिवसातून दोनदा येतो, पण त्यातल्या एका वेळी आग्नेयेला, वस्ती असलेल्या बेटांवरून उडावं लागेल. म्हणून ईशान्येकडचा एकच. तो चुकला तर वर जाऊन कक्षा वळवू म्हणावं, तर एका अंशाच्या वळणालाही सेकंदाला 130 मीटरहून जास्त वेगबदल लागतो. एवढं इंधन यानाला परवडत नाही. त्यामुळे मुहूर्त टळला की थेट उद्यावर.

आता ती 24 मिनिटं. त्यातली चार साधी आहेत: ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची एक गिरकी 23 तास 56 मिनिटांत पुरी होते. उरलेली 20 मिनिटं पृथ्वीच्या फुगवट्याची. आपला गोल नीट गोल नाही. विषुववृत्तावरचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा 43 किलोमीटरनं जास्त आहे. या जादा वस्तुमानाच्या ओढीनं स्थानकाची कक्षाच रोज सुमारे पाच अंश पश्चिमेकडे सरकते. पाच अंश म्हणजे 20 मिनिटं. पृथ्वीच्या पोटाचा घेर असा उड्डाणाच्या वेळापत्रकात उमटतो.

पणजी, फोंडा वा वाळपईहून स्थानक बघायचं असेल तरी हाच हिशेब. ते पहाटे किंवा तिन्हीसांजेलाच दिसतं, कारण आपल्याकडे अंधार आणि वर त्याच्यावर ऊन, असा मेळ तेव्हाच बसतो. रोजच्या 24 मिनिटांनी साठेक दिवसांत पुरा फेरा होतो, म्हणून काही दिवस ते संध्याकाळी दिसतं, मग गायब, मग पहाटे. जून-जुलैत अर्थात आपल्याला ढगांशिवाय काही दिसायचं नाही.

25 जूनला, सांजांव सणाच्या दुसऱ्या दिवशी, ‘ग्रेस’ हे ड्रॅगन यान निघालं. पेगी व्हिटसन कमांडर, शुक्ला पायलट, सोबत पोलंड आणि हंगेरीचे एकेक अंतराळवीर. दहाएक मिनिटांत कक्षेत, पण स्थानकाला चिकटायला 26 तारखेचे दुपारचे 4.01 वाजले. वेळ जातो पाठलागात. पुढच्याला गाठायचं तर वर वेग वाढवून चालत नाही. वेग वाढवला की यान उंच जातं आणि फेरी लांबते. म्हणून खालच्या कक्षेत राहायचं, तिथली फेरी काही मिनिटांनी लहान असते, आणि फेरीगणिक अंतर तोडत हळूहळू वर चढायचं.

मधले दिवस बातम्यांत जवळजवळ नव्हते. खरं काम तेव्हाच चाललं होतं. मोहिमेत सुमारे साठ प्रयोग होते, त्यात इस्रोचे सात. त्यातला एक आपल्या शेजारच्या धारवाडचा, तिथल्या कृषी विद्यापीठाचा आणि आयआयटीचा: मूग आणि मेथीला मोड आणणे. स्वयंपाकघरात मोडाच्या मुगांच्या मुगागाठीसाठी आपण हे न बघता करतो. बशीत दाणा कसाही पडो, मूळ खाली वळतं, कारण मुळाच्या टोकाशी असलेल्या पेशींत पिठूळ कण असतात. ते तळाशी बसतात आणि खाली कुठं ते पेशीला कळतं. स्थानकावर हे कण बसतच नाहीत. शुक्लांनी दाण्यांना पाणी दिलं, मोडांचे फोटो काढले, मग ते फ्रीझरमध्ये ठेवले.

परतीचा प्रवास सरळ झाला: 14 जुलैला दुपारी 4.45 ला यान सुटलं, 15 तारखेला दुपारी 3.01 ला कॅलिफोर्नियाजवळ पॅसिफिकमध्ये उतरलं.

केरळ कृषी विद्यापीठाच्या वाणांचं बियाणंही या मोहिमेत होतं: तीळ, चवळी, वांगी, टोमॅटो आणि भाताच्या दोन जाती. त्यातली एक ‘ज्योती’. हो, तीच, जी गोव्यात सरद म्हणजे पावसाळी शेतीत वर्षानुवर्षं लावली जाते; हे बियाणं वर फिरत होतं तेव्हा खाली आपल्या शेतांत तिचीच रोपं उभी होती. स्थानकावर आठवडाभरात जमिनीवरच्या जवळपास वर्षभराइतका किरणोत्सर्ग लागतो, म्हणजे त्या 18 दिवसांत या दाण्यांनी अडीचेक वर्षांचा घेतला. त्यांची उगवण, वाढ आणि उतारा यांवर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठीच ते वर नेले होते.