गुळवेलीचा काढा आणि एसजीपीटीचा रिपोर्ट

२०२०च्या पावसाळ्यात गावोगावच्या कुंपणांवरची गुळवेल ओरबाडली गेली. कडुलिंबावर चढलेली असली तर तिला जास्तच मान, कारण निंबावरची गुळवेल अधिक गुणकारी असं आपल्याकडे पूर्वापार मानतात. करोनावर हमखास औषध नव्हतं, लस अजून यायची होती आणि प्रत्येक कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर काढ्याची कृती फिरत होती. आयुष मंत्रालयानेही त्या ऑक्टोबरमध्ये जाहीर केलेल्या उपचार-मार्गदर्शिकेत गुळवेल आणि अश्वगंधा यांचा समावेश केला होता. ज्या घरांत आधी कधी कुणी काढ्याला तोंड लावलं नव्हतं, तिथेही सकाळी गॅसवर बोटभर जाडीची कांडकी उकळू लागली.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली. कावीळ म्हटलं की आधी विषाणू शोधतात. हिपॅटायटिसच्या तपासण्या केल्या तर त्यात काही सापडेना. दारूचाही संबंध नव्हता. सहाही जणांच्या बोलण्यात सामाईक निघाली ती गुळवेल: कुणी कांडं उकळून, कुणी तयार औषध म्हणून घेतलेली. जुलै २०२१मध्ये हा अहवाल एका यकृतविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि गहजब झाला.

मंत्रालयाने लगेच आक्षेप घेतला: रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती होती याची नीट तपासणी झालेली नाही, त्यामुळे गुळवेलीवर ठपका ठेवणं चूक. आक्षेप अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखा नव्हता. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात आपली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची एक जवळची बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा, आणि ती यकृताला त्रासदायक असल्याची नोंद आहे. पानं दोघींचीही हृदयाच्या आकाराची. फरक खोडावर दिसतो. कॉर्डिफोलियाचं खोड हिरवट, वरची साल कागदासारखी सुटणारी. क्रिस्पाच्या राखाडी खोडावर मात्र ठळक फोड आल्यासारख्या गाठी असतात. जुनं खोड सोलून, तुकडे करून, वाळवून पाकिटात आलं की हा फरक कोण ओळखणार?

म्हणून देशातल्या तेरा केंद्रांतल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन ४३ रुग्णांची माहिती गोळा केली. ती २०२२मध्ये प्रसिद्ध झाली. हाती आलेले नमुने तपासून, ती खरी गुळवेलच होती असं त्यांनी मांडलं. काढा सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दीड महिना गेला होता. बऱ्याच जणांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं आढळली, आणि ज्यांचं यकृत आधीपासूनच आजारी होतं त्यांना हे प्रकरण फार जड गेलं. मंत्रालय मात्र गुळवेल सुरक्षित असल्याच्या भूमिकेवर ठाम राहिलं.

असं का होत असावं, याचं एक पटणारं स्पष्टीकरण गुळवेलीच्या कीर्तीतच आहे. ती प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून आपण ती पितो. प्रयोगशाळेत तिच्या काही घटकांनी रोगप्रतिकारक पेशी चेतवल्याचं दिसलंही आहे. पण प्रतिकारशक्ती म्हणजे काही बँकेतली ठेव नाही, की जितकी वाढेल तितकी बरी. थायरॉइडचे काही विकार, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, सोरायसिस यांत शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटलेली असते. अशा माणसाच्या शरीरात तिला आणखी डिवचलं तर ती यकृतावरही तुटून पडू शकते. मुंबईच्या त्या रुग्णांतही स्वयंप्रतिकाराशी नातं असलेल्या आजारांचे रुग्ण होतेच. आता हेही लक्षात ठेवायला हवं की काढा प्यायलेले लोक लाखोंच्या घरात असणार आणि गंभीर आजारी पडल्याची नोंद झाली ती मोजक्यांची. म्हणजे धोका दुर्मीळ आहे. दुर्मीळ असलेली गोष्ट आपल्या ओळखीत कुणाला झाली नाही, याचा पुरावा म्हणून काहीच उपयोग नसतो.

या गोष्टीचा पहिला भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. तोही मुंबईतच घडला आहे. परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याच्याशी जोडलेल्या सेठ जी. एस. महाविद्यालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर वर्षानुवर्षं काम केलं. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया तेव्हा फार जोखमीची असे, कारण अशा रुग्णात जंतुसंसर्ग रक्तात पसरून माणूस दगावे. त्यांनी अशा ३० रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार, एका गटाला त्याशिवाय गुळवेल. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नुसत्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी निम्म्यांना रक्तात जंतुसंसर्ग झाला, गुळवेल घेणाऱ्यांपैकी एकालाही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाणही पहिल्या गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात ९० टक्क्यांहून अधिक. तीसच रुग्ण, त्यामुळे यावर मोठा इमला बांधता येत नाही. तरीही काविळीच्या रुग्णांना जपणारी गुळवेल आणि सत्तावीस वर्षांनी कावीळ घडवणारी गुळवेल एकच आहे. पहिल्या वेळी ठरलेला डोस, ठरलेले दिवस आणि शेजारी उभे शल्यविशारद होते. दुसऱ्या वेळी पातेलं होतं आणि फॉरवर्ड केलेला मेसेज.

पुण्याची कहाणी मला याहून बोलकी वाटते. गुडघेदुखीवर, म्हणजे झिजेच्या संधिवातावर, डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर एक चाचणी केली. गुळवेल, सुंठ, आवळा आणि शल्लकी यांच्या अर्कांची मिश्रणं एकीकडे, ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही प्रचलित औषधं दुसरीकडे. कोण काय घेतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही. २४ आठवड्यांनी हिशेब झाला तेव्हा वनौषधी वेदना कमी करण्यात आणि हालचाल सुधारण्यात प्रचलित औषधांच्या बरोबरीने उतरल्या होत्या. २०१३मध्ये हे एका नामांकित ब्रिटिश नियतकालिकात छापून आलं. आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्याने फ्रेम करून भिंतीला लावावा असा निकाल.

पण त्याच निबंधात आणखी एक ओळ आहे. १७ रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी वाढलेलं आढळलं. हे यकृताच्या पेशींच्या आत असणारं विकर, म्हणजे एन्झाइम. पेशी दुखावली की ते पाझरून रक्तात येतं. या रुग्णांना काहीही त्रास होत नव्हता. यांपैकी आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांचं औषध थांबवलं आणि एसजीपीटी पुन्हा जागेवर आलं. दर काही आठवड्यांनी रक्त तपासायचं असं चाचणीच्या आराखड्यातच होतं, म्हणून हे दिसलं. त्या सात जणांनी हेच औषध घरी स्वतःच्या मनाने घेतलं असतं तर? गुडघा दुखायचा थांबला म्हणून ते पुढेही घेत राहिले असते, आणि “काही साइड इफेक्ट नाही हो” असं चार जणांना सांगितलंही असतं. वनौषधींचे दुष्परिणाम नसतात ही समजूत टिकून आहे ती अशाने. फायदा माणसाला स्वतःला जाणवतो, अपाय मात्र बहुतेक वेळा मोजावा लागतो.

डोसाची गोष्ट हळदीवरून चटकन कळते. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन, म्हणजे तिच्यातला मुख्य औषधी घटक, असतं जेमतेम तीन टक्क्यांच्या आसपास. आमटीला अर्धा चमचा, म्हणजे दीडएक ग्रॅम हळद घातली तर संपूर्ण पातेल्यात कर्क्युमिन ४५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि तेही घरातल्या चौघांत वाटलं जातं. शिवाय आतड्यातून ते फारसं शोषलं जात नाही. याउलट बाजारातल्या एकेका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क असतो आणि शोषण वाढावं म्हणून त्यात मिरीतलं पायपरिन घालतात. बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी १९९८मध्ये दाखवलं होतं की पायपरिनसोबत दिलेलं कर्क्युमिन माणसाच्या रक्तात वीस पटींपर्यंत जास्त उतरतं. जाहिरातींत हा आकडा कौतुकाने येतो. इटली आणि अमेरिकेत हळदीच्या कॅप्सूल घेणाऱ्या काहींचं यकृत सुजल्याच्या नोंदी आहेत, त्या मात्र जाहिरातीत येत नाहीत. अमेरिकेतल्या दहा रुग्णांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, म्हणजे इथेही सगळे सारखे नव्हते. आजीची हळद आणि ही कॅप्सूल, दोन्हींच्या डब्यावर नाव हळदीचंच. पण चार हजार वर्षं भाजीत खाल्लेल्या पदार्थाचा अनुभव वीस पट शोषल्या जाणाऱ्या अर्काला लागू पडत नाही.

पायपरिन पिंपळीतही असतं, आणि गंमत अशी की पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन गोष्टी अति प्रमाणात, दीर्घकाळ वापरू नयेत असा इशारा चरकसंहितेच्या विमानस्थानात दिलेला आहे. नीट योजलं तर तीक्ष्ण विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलं तर औषधही विष होतं, असंही चरकाने सूत्रस्थानात सांगून ठेवलंय. “आयुर्वेदिक आहे, अपाय नाही” हे वाक्य आयुर्वेदाचं नाही, विक्रेत्याचं आहे.

मोजल्यामुळे एखाद्या वनस्पतीचं काय होऊ शकतं, याचं उदाहरण सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम अभ्यासून १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२मध्ये मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. ते रक्तदाबावर सुरुवातीच्या परिणामकारक औषधांपैकी एक ठरलं. मग काही रुग्णांत नैराश्य दिसू लागलं, डोस कमी झाले, पुढे अधिक चांगली औषधं आली आणि रेसरपिन मागे पडलं. त्याच्या या दुष्परिणामावरून मेंदूतल्या रसायनांचा आणि मनःस्थितीचा संबंध शोधायला चालना मिळाली, ते वेगळंच.

धातूंचा प्रश्न याहून निराळा आहे आणि त्यात मी कमी उदार आहे. २००४मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून विकत घेतलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर १४ उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २००८मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ उत्पादनांतही प्रमाण साधारण तेवढंच, पाचात एक. त्यांत भारतात बनवलेली होती तशी अमेरिकेत बनवलेलीही. रसशास्त्रातल्या, म्हणजे मुद्दाम धातू वापरून केलेल्या औषधांत हे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होतं. भस्म योग्य संस्कारांनी केलं की धातू निर्विष होतो, असा दावा केला जातो. शिशाच्या बाबतीत मला तो मान्य नाही. शिसं हाडांत साठतं, आणि पोटात कळा, रक्तक्षय, हातापायांत अशक्तपणा घेऊन डॉक्टरकडे आलेल्या माणसाच्या रक्तात ते मोजता येतं. वनौषधींत शिशाची मर्यादा दहा लाखांत दहा भाग, पाऱ्याची एक भाग अशी आपल्याकडेही ठरलेली आहे, आणि निर्यातीच्या मालासाठी धातूंची तपासणी २००६पासून सक्तीची आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाचं यकृत आणि मूत्रपिंड आपल्यापेक्षा नाजूक असतं असं मानायला काही आधार नाही.

ग्रंथोक्त औषध, म्हणजे मान्य ग्रंथांत ज्याची कृती दिलेली आहे असं, बाजारात आणायला नव्याने परिणामकारकतेची चाचणी करावी लागत नाही. ग्रंथातला आधार पुरतो. बचनाग, कुचला, धोत्रा, बिब्बा अशा विषारी द्रव्यांची मात्र कायद्यात वेगळी यादी आहे आणि त्यांच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं असा इशारा छापावा लागतो. तो इतक्या बारीक टायपात असतो की चाळिशीचा चष्माही हरतो.

घरातल्या साध्या वाटणाऱ्या गोष्टींत ज्येष्ठमधाकडे विशेष लक्ष द्यावं. घसा बसला की कांडी तोंडात धरणं वेगळं आणि त्याचं चूर्ण महिनोन्‌महिने घेणं वेगळं. त्यातलं ग्लायसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराला अडवतं, शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. अशा माणसाच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलत राहतात आणि चूर्णाचा विषयच निघत नाही, कारण “ते काय औषध आहे?”

डॉक्टरांनी विचारल्यावर काढे, चूर्ण, कॅप्सूल सगळं सांगावं. न विचारल्यास आपणहून सांगावं, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तेव्हा. स्वयंप्रतिकाराचा आजार किंवा यकृताचा जुना विकार असलेल्यांनी गुळवेल आणि अश्वगंधा मनाने घेऊ नयेत. कुठलीही वनौषधी महिन्याभराहून जास्त चालवायची असेल तर वैद्यांच्या देखरेखीखाली चालवावी आणि मध्ये एकदा लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्यावी. खर्च काही शेकड्यांचा आहे. मळमळ, गडद लघवी, अंगाला खाज, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर औषध त्याच दिवशी बंद. दवाखान्यात जाताना बाटली, पाकीट, बिल बरोबर घ्यावं, आणि वेल घरच्या कुंपणावरची असेल तर खोडाचा वीतभर तुकडा पानांसकट कापून न्यावा.